हंगाम संपतो, सरोवर थांबत नाही

काश्मीर म्हटलं की आपल्याला एप्रिल-मेचं दल सरोवर आठवतं. ट्यूलिप, शिकारा, हाउसबोटीवर काढलेला कुटुंबाचा फोटो. आज आपण ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या दलकडे बघू. या ऋतूला काश्मिरीत 'हरुद' म्हणतात. चिनार तांबूस होतात, घाटावर शिकारे बांधून पडलेले असतात आणि पर्यटक पांगलेले.

पण 'हंगाम संपला' हे वाक्य इथे एकेकाळी चक्क सरकारी हुकूम होतं! एकोणिसाव्या शतकात डोग्रा महाराजांच्या राज्यात युरोपियन पाहुण्यांना फक्त उन्हाळ्यात राहायची मुभा होती. शरद सरता सरता खोरं सोडावं लागे. या नियमाची किंमत कळते ती डॉ. विल्यम एल्म्स्ली यांच्या गोष्टीत. या स्कॉटिश मिशनरी डॉक्टरने 1865 साली श्रीनगरात दवाखाना सुरू केला. धर्मप्रचारकाबद्दल दरबाराला संशय असणं समजण्यासारखं आहे, पण रुग्णांची रीघ लागत होती. आणि दरवर्षी थंडी तोंडावर आली, की डॉक्टरने दवाखाना आवरून पंजाबात उतरायचं. आजारपण काही हंगाम बघून येत नाही. 1872 मध्ये काश्मिरात पटकीची साथ होती. थकलेले, आजारी एल्म्स्ली शरदाच्या अखेरीस पीर पंजाल ओलांडून निघाले आणि नोव्हेंबरमध्ये पंजाबातल्या गुजरात गावी वारले. (हे गुजरात आता पाकिस्तानात, आपलं नव्हे.) त्याच वर्षी त्यांचा काश्मिरी शब्दसंग्रह छापून झाला होता. पुढे हिवाळ्यातल्या मुक्कामाचा नियम सैल झाला. 1880 च्या दशकात आर्थर आणि अर्नेस्ट नेव्ह हे डॉक्टर बंधू आले आणि दलजवळच्या टेकडीखालचं मिशन इस्पितळ त्यांनी नावारूपाला आणलं.

हाउसबोटही याच काळातली. परक्यांना जमीन विकत घेता येईना, मग पाण्यावरच घर! साहेब लोक पाण्यावर राहू लागले आणि हांजी या नावाड्यांच्या समाजाला नवा धंदा मिळाला. साहेब गेला तरी हांजी मात्र तिथेच.

मग ते करतात काय? हरुद म्हणजे त्यांच्या घरी बेगमीचे दिवस. आपल्याकडे वाळवण उन्हाळ्यात, पापड-कुरडया-सांडगे. तिथे ते हिवाळ्याआधी: दुधीच्या कापांच्या आणि वांग्यांच्या माळा खिडक्यांवर टांगलेल्या दिसतात. बायका चिनारची पानं झाडून गोळा करतात, ती जाळून कोळसा करतात आणि तोच कांगडीत जातो. म्हणजे पर्यटक ज्या पानगळीचे फोटो काढतो, ती यांच्यासाठी हिवाळ्याची ऊब. सरोवरातून नदरू, म्हणजे कमळाचे देठ, उपसले जातात. लांब काठीला आकडा लावून होडीतूनच चिखलातला देठ ओढायचा. हात बधिर करणारं काम आहे हे.

इथल्या तरंगत्या बागांबद्दल वॉल्टर लॉरेन्सने फार मजेदार नोंद केली आहे. जमीन महसुलाची फेरमोजणी करायला आलेल्या या अधिकाऱ्याचं काश्मीर खोऱ्यावरचं पुस्तक 1895 चं. तो लिहितो की बागेचा तुकडा कापून, ओढत नेऊन चोरता येतो. जमीन चोरीला गेल्याची फिर्याद! मोजणी अधिकाऱ्याला याहून मोठी डोकेदुखी कोणती?

पण शरद नेहमीच असा भरल्या घराचा नसे. 1877 च्या शरदात पाऊस थांबेना. भातात सरकारचा वाटा असे आणि तो ठरेपर्यंत पीक उचलायची शेतकऱ्याला परवानगी नव्हती. उभं-कापलेलं सगळं भिजून कुजलं. त्यानंतरच्या दुष्काळात श्रीनगर शहर ओस पडायला आलं. हरुद चुकला की पुढचं वर्ष चुकतं, हे खोऱ्यातल्या माणसाला तेव्हापासून पक्कं ठाऊक आहे.

थंडी वाढली की शेजारच्या आंचार सरोवरावर कोळी होडीच्या टोकावर घोंगडी आणि पेंढ्याचा आडोसा करतात. त्याखाली डोकं घालून, हातात भाला धरून, खाली पाण्यात बघत तासन्‌तास निश्चल बसतात. सावलीच्या ओढीनं मासा येईपर्यंत.