कोल्हापुरीच्या मानांकनाचं कूळ

कोल्हापुरी चप्पल नेमकी किती जुनी, यावर भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाईनीत दोन दुकानदारांचं एकमत व्हायचं नाही. तिच्या नावाला मिळालेल्या कायदेशीर संरक्षणाचा, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा, जन्म मात्र तारखेनिशी सांगता येतो : १५ एप्रिल १९९४, मोरोक्कोतलं मराकेश. जागतिक व्यापार संघटना स्थापन करणाऱ्या करारावर त्या दिवशी सह्या झाल्या. बौद्धिक संपदेचा 'ट्रिप्स' करार त्यातलाच.

कूळ शोधायचं तर आणखी मागे, १८८३ च्या पॅरिस करारापर्यंत जावं लागतं. मालावर खोटं गाव लावून विकू नये, हा विचार त्यात होता. पुढे त्याला जोर दिला तो युरोपातल्या वाइनवाल्यांनी. म्हणूनच ट्रिप्सच्या २३ व्या कलमात वाइन आणि मद्याला जादा संरक्षण आहे. चपलेच्या वाट्याला येतं २२ वं कलम : नाव वापरून गिऱ्हाइकाला मूळ गावाबद्दल फसवू नका, एवढंच. द्राक्षवाल्या देशांचं वजन पडलं की असं होतं!

बरं, भारतानं सही केली म्हणून कोल्हापुरातल्या कारागिराच्या हाती काही आलं नाही. नेदरलँड्समध्ये आंतरराष्ट्रीय करारांची कलमं थेट न्यायालयात लागू होऊ शकतात. आपल्याकडे सरकार सही करतं आणि कायदा संसद करते. तोवर करार न्यायालयात हक्क म्हणून चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्ये जॉली जॉर्ज खटल्यात सांगितलं. करार पाळण्यासाठी संसदेला राज्यांच्या विषयांवरही कायदा करता येतो. राज्यघटनेचं २५३ वं कलम त्यासाठीच आहे.

ट्रिप्समध्ये आणखी एक मेख होती. जे नाव मायदेशात संरक्षित नाही, ते परक्या देशांनी जपायची सक्ती नाही. म्हणजे आधी घरचा कायदा हवा. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या राइसटेक कंपनीनं बासमतीसंबंधी पेटंट मिळवलं, तेव्हा ही निकड दिल्लीला चांगलीच जाणवली. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ मध्ये झाला आणि १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. पहिला मान दार्जिलिंग चहाचा.

कोल्हापुरीचा अर्ज २००९ चा; मानांकन मिळाल्याची बातमी यायला २०१९ उजाडलं. अर्जदार दोन सरकारी महामंडळं : महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकार. मानांकनातले जिल्हे : इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. सीमेवरून सर्वोच्च न्यायालयात भांडणारी दोन राज्यं या चपलेची मात्र सामाईक मालक आहेत. बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं चामडं, चामड्याच्याच वादीनं घातलेली शिवण, खिळा नाही : अस्सल कोल्हापुरीची ही ओळख बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीच्या चपलेलाही तितकीच लागू पडते.

मानांकनाची परीक्षा झाली जून २०२५ मध्ये. मिलानमधल्या प्रादाच्या फॅशन शोमध्ये आपल्या चपला दिसल्या, पण 'कोल्हापुरी' हे नाव कुठेच नव्हतं, आणि तिथंच कायदा अडला. मानांकन जपतं ते नाव. अंगठ्याची, पट्ट्याची, कानांची घडण नव्हे. शिवाय भारतातली नोंदणी इटलीत आपोआप चालत नाही. तिथं तिथला आणि युरोपीय संघाचा कायदा. प्रादाविरुद्धची मुंबई उच्च न्यायालयातली जनहित याचिकाही जुलैमध्ये फेटाळली गेली : नोंदणीकृत मालक महामंडळं आहेत, त्यांनी स्वतः यावं.

'महाराष्ट्र चेंबर' या व्यापार-उद्योग संघटनेच्या पत्रानंतर, प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं प्रादानं कबूल केलं, आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही महामंडळांशी सामंजस्य करार केला. तो घडवून आणला बोभाट्यानं, कायद्यानं नाही. पण करार करायला समोर नोंदलेला मालक होता, तो मात्र कायद्यामुळेच. आता अधिकृत वापरकर्ता म्हणून कारागिरानं स्वतःच्या नावानं नोंद करून घ्यायला हवी. कायद्याच्या १७ व्या कलमात तशी सोय आहे.