मार्गावरचा शेरा

१९८६-८७ मध्ये पवईची आयआयटी आणि जुहूची नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था यांचे संगणक टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांना ई-पत्रे पाठवू लागले. ‘अर्नेट’ प्रकल्पाचा हा आरंभ. १९८९ मध्ये जुहूहून अमेरिकेशी जोडणी झाली: सेकंदाला ९६०० बिट, म्हणजे सुमारे १२०० रोमन अक्षरे. बाहेर जायला दार एकच, त्यामुळे वाट निवडण्याचा प्रश्न नव्हता.

१९९५ मध्ये विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वांना खुले केले. १९९८ च्या धोरणानंतर खासगी कंपन्याही आल्या. कंपन्या वेगळ्या असल्या, तर मुलुंडहून घाटकोपरला धाडलेले पत्र परदेशाला वळसा घालून येण्याची शक्यता असे. तो वळसा टाळण्यासाठी २००३ मध्ये ‘निक्सी’ स्थापन झाली. तिच्या मुंबईतल्या केंद्रासारख्या चौकांत कंपन्यांचे राउटर एकमेकांना जोडले गेले.

राउटर हा जाळ्यांमधला वाटाड्या. ‘अमुक पत्त्यांकडे माझ्यातून जाता येते,’ असे तो शेजाऱ्याला सांगतो. चौकात कंपनीने आपल्या ग्राहकांचे मार्ग सांगावेत. परदेशी पुरवठादाराकडून कळलेले मार्गही सांगितले, तर इतरांची वाहतूक तिच्या महागड्या जोडणीवरून फुकट वाहू लागेल. पण मार्ग हजारो. एकेकाची यादी कोण ठेवणार?

ऑगस्ट १९९६ मध्ये रवी चंद्रा, पॉल ट्रेना आणि टोनी ली यांनी यासाठी ‘कम्युनिटी’ची व्याख्या प्रसिद्ध केली. शाळेत येणाऱ्या परिपत्रकावर ‘फक्त मुख्याध्यापकांसाठी’ असा शेरा असतो, तसा ३२ बिटांचा आकडा मार्गाच्या सूचनेला जोडायचा. समजा, ग्राहकाच्या मार्गावर आत येतानाच ६४५००:१० लिहिले आणि पुरवठादाराच्या मार्गावर ६४५००:२०. पहिला भाग जाळ्याचा क्रमांक. दुसऱ्याचा अर्थ ते जाळे ठरवते. मग चौकाच्या तोंडाशी एकच चाळणी पुरते: ‘१०’ असेल तर सांगा, बाकीचे अडवा. काही शेरे सर्वमान्य आहेत. ‘नो-एक्स्पोर्ट’ म्हणजे, ज्या जाळ्याला हा मार्ग कळला त्याने तो आपल्या हद्दीबाहेर सांगू नये.

ही शिस्त सुटली की काय होते, ते आपण पाहू. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब बंद करण्यासाठी त्याच्या २५६ पत्त्यांचा खोटा मार्ग घातला. तो हद्दीबाहेर निसटला आणि हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू कंपनीने न चाळता पुढे सांगितला. यूट्यूबची स्वतःची सूचना १०२४ पत्त्यांची होती; राउटर मात्र अधिक नेमकी सूचना मानतात. सुमारे दोन तास जगाच्या मोठ्या भागात यूट्यूब मिळेना.

निघताना शेरा किंवा घेताना चाळणी, यांपैकी एक जरी कामी आली असती, तरी हे टळले असते. शेरा स्वतः कोणालाच अडवत नाही. तो वाचून तसे वागणारा राउटर पलीकडे असावा लागतो. म्हणूनच प्रत्येक जाळ्याने दोन्हींची काळजी घ्यावी, असे आम्हाला वाटते.