हाडांची नावे कोणाची?

माझी आत्या इंदापूर तालुक्यातली. नीरा डाव्या कालव्याच्या कडेला, दुसऱ्याच्या उसात तिचे आयुष्य गेले. काही वर्षांपूर्वी मी तिला बारामतीच्या एका दवाखान्यात नेले. ती म्हणाली, "माकडहाडाच्या वरनं शीर धरतीया, खुब्यातनं पोटरीत उतरतीया, घोट्याला मुंग्या येत्यात." तरुण डॉक्टरने ऐकून घेतले आणि केसपेपरवर इंग्रजीत 'अंगदुखी' एवढेच लिहिले. सहा महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरने निदान केले : कमरेच्या मणक्यांमधली चकती सरकून पायाकडे जाणारी नस दबली आहे. आत्याने पहिल्याच दिवशी दुखण्याचा सगळा रस्ता सांगितला होता. तिचे शब्द ज्ञान म्हणून कोणी धरले नाहीत. ते का धरले जात नाहीत, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

मराठीतून पाश्चात्त्य वैद्यक शिकवण्याचा पहिला सरकारी प्रयत्न मुंबईत १८२६ साली झाला. डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या हाताखालची ती देशी वैद्यकशाळा १८३२ मध्ये बंद पडली. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, ते इंग्रजीतून. त्या काळी आमचा माणूस कोठे होता? १८५२ मध्ये जोतीराव फुले यांनी पुण्यात अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला दार बंद केले. ज्या वर्षांत हाडांना पुस्तकी नावे मिळू लागली, त्या वर्षांत आम्हाला अक्षराचाच विटाळ होता.

आणि हाडाला हात कोण लावत होते? माझे आजोबा येसकरीच्या पाळीला गावातले मेलेले ढोर ओढीत. सुरी हाडाला न लागता सांध्यात कोठे शिरते हे त्यांचा हात जाणत होता. फरा, खुबा, नळी, बरगडी, वाटी, कुरकुरे हाड ही नावे त्यांना तोंडपाठ होती. वाद्या कापणारे, कातडे कमावणारे, दोर वळणारे यांचेही तसेच. प्राण्याचे शरीर उघडून पाहण्याचे काम ज्यांच्यावर लादले गेले, त्यांच्याजवळ शरीराचे शब्द होते. ज्यांच्याजवळ पोथी होती त्यांना त्या कामाचा विटाळ होता.

पोथीतही हे ज्ञान हातानेच आले होते, हे विसरू नये. सुश्रुतसंहितेत प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावे, मग त्वचेपासून एकेक थर घासून काढीत डोळ्यांनी पाहावे, असे सांगितले आहे. तिथे हाडे ३००, सांधे २१०, स्नायू ९०० आणि पेशी ५०० मोजल्या आहेत. चरकाची हाडे ३६०. आजचे शास्त्र प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे मानते. पुढे प्रेताला शिवणे हाच दोष ठरला आणि पाहणे थांबले. १८३६ मध्ये कलकत्त्याला मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले, ती मोठी क्रांती मानली गेली. आमच्या वाड्यांत मात्र सुरी कधीच थांबली नव्हती. तिच्यातून शास्त्र झाले नाही, कारण हात आणि लेखणी यांच्यामध्ये जात उभी होती.

१९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, भाषा संचालनालय निघाले, परिभाषा घडू लागली. ती बहुतांशी संस्कृताच्या आधारे घडली. मांडीच्या हाडाला ऊर्वस्थी, फऱ्याला अंसफलक, नडगीच्या हाडाला अंतर्जंघास्थी. संस्कृतामुळे शब्द नेमका होतो आणि साऱ्या देशात चालतो, असे यामागचे म्हणणे. मग 'स्नायू' हा एकच शब्द घ्या. सुश्रुताचा स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारा दोर. मराठीत स्नायू म्हणजे मांसाचा आकुंचन पावणारा भाग, ज्याला सुश्रुत पेशी म्हणतो. हिंदीत आणि बंगालीत स्नायू म्हणजे मेंदूचा संदेश नेणारा तंतू. आणि मराठीत पेशी म्हणजे तर शरीराचा सूक्ष्म घटक! एका शब्दाची इतकी ओढाताण चालली, ती कोणाला खटकली नाही. आत्याची 'शीर' मात्र अडाणी ठरली, कारण ती रक्तवाहिनीलाही शीर म्हणते आणि नसेलाही. उलट 'माकडहाड' हा रांगडा शब्द मराठी ग्रंथांत टिकला आणि त्याने कोणाचेही काही बिघडले नाही. म्हणजे अडचण शब्दाच्या कुवतीची नव्हती.

येथे एक सावधगिरी हवी. ढोरे ओढण्याचा मी गौरव करीत नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस आणि लाचारीचे जिणे सोडा असे बजावले, ते योग्यच होते. १९५८ च्या कायद्याने महार वतनही गेले. आजोबांची सुरी आम्हाला परत नको. पण गुलामीबरोबर आमचे ज्ञानही टाकाऊ होते, हे मी मान्य करणार नाही.

प्रश्न जुना झालेला नाही. बारामती-इंदापूरच्या उसात हंगामाला बाहेरून टोळ्या येतात. नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. माणसाचे नावच हत्याराचे. दिवसभर वाकून तोडायचे, मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे. त्या बायांच्या कमरेत उसण भरते, मानेला लचक बसते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. हे प्रत्येक दुखणे वेगळे आहे आणि त्याला वेगळा शब्द आहे. बारामतीला २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील शिक्षण इंग्रजीतून होते, होवो. पण त्या मुलांनी ऊर्वस्थीबरोबर खुबाही शिकावा, उसण आणि लचक यांतला फरक कोयत्यावरच्या बाईकडून समजून घ्यावा. शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी आपापल्या वस्तीतील म्हाताऱ्यांकडून हे शब्द उतरवून घ्यावेत. कार्यकर्त्यांनी दवाखान्यात बाईच्या शेजारी उभे राहून तिचा शब्द केसपेपरवर लिहायला लावावा.

आत्या आता काठी घेऊन चालते. सहा महिने आधी तिचे ऐकले असते, तर कदाचित काठी लागली नसती.