बजेटमध्ये रोड बाईक अपग्रेड: स्पेसिफिकेशनमधले कोणते आकडे बघायचे?

आपल्याकडे 'बाईक' म्हटलं की मोटारसायकलच डोळ्यासमोर येते. म्हणून आधीच सांगतो, हा लेख सायकलबद्दल आहे. खाली वळलेलं हँडल, अरुंद टायर आणि डांबरी रस्त्यासाठी बनवलेली सायकल म्हणजे रोड बाईक.

माझं गाव महाळुंगे पडवळ, म्हणजे हुतात्मा बाबू गेनूंचं गाव. नोकरी पुण्यात. सुट्टीला घरी आलो की मंचर, घोडेगाव, डिंभे धरण आणि जमलं तर भीमाशंकर हा माझा ठरलेला रस्ता. पहिली रोड बाईक मी मोबाईलवर फोटो आणि '२१ गिअर' हा आकडा बघून मागवली. वर्षाच्या आत मागचा एक्सल वाकला आणि चढावर गुडघे दुखायला लागले. चांगले गिअर टाकायला गेलो तर मेकॅनिक म्हणाला, "यात पैसे घालू नकोस, दुसरीच घे." दुसरीसाठी पुन्हा दोन वर्षं पैसे साठवले. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हा लेख.

आधी ठरवा: अपग्रेड हवंय का?

सध्याची हायब्रिड किंवा एमटीबी चांगली असेल, तर आधी तिला गुळगुळीत टायर टाका, सीटची उंची नीट करा आणि महिनाभर चालवा. ताशी ३० किमीच्या आसपास सपाट रस्त्यावर तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. रोड बाईकवर वाकून बसल्यामुळे तिथे खरा फायदा मिळतो. रोजचं अंतर ५-६ किमी असेल, तर मात्र फरक फारसा जाणवणार नाही.

वेगाचंही दडपण घेऊ नका. २०० किमीची बीआरएम राइड पूर्ण करायला १३ तास ३० मिनिटं मिळतात. म्हणजे थांबे धरून ताशी साधारण १५ किमी. त्यासाठी लाखाची सायकल लागत नाही, अंगाला बसणारी लागते.

१. साइज: इथे तडजोड नाही

अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा. दोन्ही पायांमध्ये एक जाड पुस्तक वर सरकवून घट्ट धरा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजा. हा झाला इनसीम.

- फ्रेमचा अंदाजे साइज = इनसीम × ०.६७
- सीटची अंदाजे उंची, पायडलच्या मधल्या एक्सलपासून सीटच्या वरपर्यंत = इनसीम × ०.८८३

इनसीम ८० असेल तर फ्रेम ५३-५४ आणि सीट साधारण ७०.५ सेंमी. प्रत्येक कंपनीचा 'मीडियम' वेगळा असतो, म्हणून जिओमेट्री चार्टमध्ये स्टॅक म्हणजे उंची आणि रीच म्हणजे लांबी हे दोन आकडे जुळवून बघा. आणि एकदा तरी बसून बघाच. चुकीच्या साइजची सायकल निम्म्या किमतीत मिळाली तरी महागच पडते.

२. गिअर: संख्या नाही, दाते मोजा

'२१ गिअर' म्हणजे फोनच्या मेगापिक्सेलसारखं आहे. आकडा मोठा, पण त्यावरून फोटो कसा येईल ते कळत नाही. पुढे ३ आणि मागे ७ चकत्या असल्या की गुणाकार २१ येतो. पण त्यातले बरेच गिअर जवळपास सारखेच असतात.

चढासाठी बघायचं ते एवढंच: पुढची सर्वात लहान चकती किती दात्यांची आणि मागची सर्वात मोठी किती दात्यांची?

- पुढे ३४, मागे २८: ३४ ÷ २८ = १.२१
- पुढे ३४, मागे ३४: ३४ ÷ ३४ = १.००

चाकाचा घेर साधारण २.१ मीटर धरा. मिनिटाला ६० वेळा पायडल फिरवलं तर पहिल्या सायकलवर ताशी ९.२ किमी वेग ठेवावा लागतो, दुसरीवर ७.६ पुरतो. त्याच चढावर प्रत्येक पायडलला लागणारा जोर साधारण १८ टक्क्यांनी कमी होतो. डिंभ्याच्या पुढे चढ लागला की गुडघ्यांना हा फरक बरोबर कळतो.

आता ग्रुपसेट. शिमानोच्या रोड मालिकेत क्लॅरिसला मागे ८ गिअर, सोराला ९, टियाग्राला १० आणि १०५ ला पिढीनुसार ११ किंवा १२. मर्यादित बजेटमध्ये क्लॅरिस किंवा सोरा भरपूर झालं. ८-९ गिअरची चेन आणि कॅसेट झिजल्यावर बदलायलाही तुलनेने स्वस्त पडते.

३. फ्रीव्हील की कॅसेट?

माझा पहिला घोळ इथेच झाला होता. स्वस्त सायकलींत मागचे गिअर फ्रीव्हीलवर असतात, म्हणजे अख्खा गठ्ठा हबवर आट्यांनी बसवलेला. त्यात उजवीकडचं बेअरिंग खूप आत राहतं, एक्सलला बाहेरच्या बाजूला आधार मिळत नाही आणि खड्ड्यांत तो वाकू शकतो. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग फ्रेमजवळ असतं.

ओळखायची खूण: मागे ७ गिअर आणि सर्वात लहान चकती १४ दात्यांची असेल, तर ते बहुतेक फ्रीव्हील. कॅसेट साधारणपणे ११ किंवा १२ पासून सुरू होतं. शंका असेल तर पैसे देण्याआधी दुकानदाराला स्पष्ट विचारा. फ्रीव्हीलची सायकल पुढे अपग्रेड करायची तर मागचं चाकच बदलावं लागतं.

४. टायर आणि ब्रेक

पुणे-नाशिक हायवे सोडून गावच्या रस्त्याला लागलं की खडी, स्पीडब्रेकर आणि ट्रॅक्टरने सांडलेली माती. इथे २३ मिमीचा टायर म्हणजे शिक्षा. किमान २८ मिमी टायर बसतो का ते बघा, ३२ बसत असेल तर उत्तम. रिम ब्रेकच्या बऱ्याच रोड बाईकमध्ये २५ किंवा २८ च्या वर जागाच नसते.

पावसात डिस्क ब्रेक जास्त भरवशाचे. त्यातही केबलवाले डिस्क रस्त्याच्या कडेला पान्याने ॲडजस्ट करता येतात. हायड्रॉलिक दाबायला हलके, पण ऑइलचं काम निघालं तर ते जाणणारा मेकॅनिक लागतो.

रोड बाईकच्या ट्यूबला बहुधा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. पेट्रोल पंपावरच्या हवेचं तोंड त्याला बसत नाही. पितळी अडॅप्टर, छोटा पंप आणि दोन ट्यूब कायम जवळ ठेवा. गावातल्या पंक्चरवाल्याकडे या मापाची ट्यूब मिळेलच असं नाही.

५. वजन आणि कार्बनचा मोह

तुम्ही, सायकल आणि सामान मिळून ८० किलो धरू. सायकल १ किलोने हलकी घेतली तर एकूण वजन सव्वा टक्क्याने कमी झालं. एक तासाच्या चढावर वाचले साधारण ४५ सेकंद! तेवढ्यासाठी हजारो रुपये घालायचे का, ते तुम्हीच ठरवा. ॲल्युमिनियम फ्रेम आणि जमलं तर कार्बन फोर्क, एवढं पुरे.

६. सगळे पैसे सायकलवर संपवू नका

बजेट ५० हजार असेल तर सायकल ४२-४३ हजारांपर्यंतच बघा. उरलेल्या पैशांत हेल्मेट, पुढचा-मागचा लाइट, पंप, ट्यूब, कुलूप आणि पहिली सर्व्हिस बसवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, तेव्हा बिलावर दर तपासा.

लाइट आमच्याकडे चैन नाही, गरज आहे. जुन्नर-आंबेगावात उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असतो. पहाटे अंधारात एकट्याने राइडला निघू नका, चांगलं उजाडू द्या.

सेकंड हँड घेताय?

- मूळ बिल मागा. फ्रेमचा नंबर बहुतेक वेळा पायडलच्या एक्सलखाली कोरलेला असतो, तो जुळवा.
- पट्टीने चेनच्या पहिल्या पिनेपासून २५ व्या पिनेपर्यंतचं अंतर मोजा. नव्या चेनमध्ये ते बरोबर १२ इंच म्हणजे ३०४.८ मिमी असतं. ३०६ च्या पुढे गेलं तर चेन बदला. ३०८ च्या आसपास असेल तर कॅसेटही गेलेलं असण्याची शक्यता मोठी, तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या.
- चाक फिरवून डगमगतं का ते बघा.
- कार्बन फ्रेम जाणकाराला दाखवल्याशिवाय घेऊ नका. आतली भेग बाहेरून दिसत नाही.

थोडक्यात

आधी साइज, मग गिअरचे दाते, मग कॅसेट, मग टायरची जागा, आणि रंग-वजन सगळ्यात शेवटी. हे पहिले चार मुद्दे फोनमध्ये लिहून ठेवा आणि दुकानात गेल्यावर एकेक विचारा. एकाचंही उत्तर नीट मिळालं नाही, तर त्या दिवशी रिकाम्या हाताने घरी या. सायकल पुढच्या आठवड्यातही मिळेल, पण साठवलेले पैसे एकदाच खर्च होतात.