चरीचा नकार

मी अलिबागच्या खारेपाटातला. आमच्याकडे भात पिकवायचं कुळाने आणि खळ्यावरून ते जायचं खोताच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या घरी. वर वेठ आणि जुनं कर्ज. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी गावी शेतकऱ्यांनी ठरवलं, खोताची जमीन कसायची नाही. शेतकरी नेते नारायण नागू पाटलांच्या पाठीशी पंचवीस गावं उभी राहिली. लोकांनी डोंगरातली लाकडं विकली, उपासमार सोसली, पण सहा वर्षं नांगर धरला नाही. डॉ. आंबेडकर चरीला आले आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पण खोती कायद्याने गेली ती १९४९ नंतर. खारेपाटातल्या पोरांनो, सातबाऱ्यावर आपलं नाव वाचाल तेव्हा या माणसांचं ऋण विसरू नका.