साथरोगनियंत्रणातील गणिती प्रारूपे

संसर्गजन्य रोग लोकसंख्येत कसा पसरतो हे समीकरणांच्या किंवा संगणकीय अनुकरणाच्या रूपात मांडून लसीकरण आणि उपचार यांविषयीचे निर्णय घेण्यासाठी वापरली जाणारी साधने. साथ चालू असताना लस आणि औषधे बहुधा अपुरी असतात, हाताशी वेळ थोडा असतो आणि निरनिराळे उपाय लोकांवर करून पाहणे शक्य नसते. लस आधी कोणाला द्यावी, दोन मात्रांत किती अंतर ठेवावे, औषधाचा साठा कोठे खर्च करावा, अशा पर्यायांचे संभाव्य परिणाम प्रारूपाच्या साहाय्याने शेजारीशेजारी मांडून तपासता येतात.

इतिहास : या विषयातील पहिले महत्त्वाचे गणित स्विस गणितज्ञ डॅनियल बर्नुली यांनी १७६० मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले. त्या काळी देवीच्या रोग्याच्या फोडांतील द्रव निरोगी माणसाला टोचून त्याला रोगापासून वाचवण्याची पद्धत होती. मात्र टोचून घेणाऱ्यांपैकी काही जण त्यानेच दगावत. देवीचा रोग नाहीसा झाला तर जन्मवेळचे सरासरी आयुर्मान सुमारे २६ वर्षे ७ महिन्यांवरून २९ वर्षे ९ महिन्यांवर जाईल, म्हणून टोचणीचा धोका पत्करणे योग्य, असा निष्कर्ष बर्नुली यांनी काढला. ताबडतोब येणारा मृत्यूचा धोका आणि पुढे कधीतरी मिळणारी आयुष्यवाढ यांची तुलना केवळ सरासरीने होत नाही, असा आक्षेप फ्रेंच गणितज्ञ दालांबेर यांनी घेतला. लसीच्या दुष्परिणामांची चर्चा निघते तेव्हा हा वाद आजही नव्या रूपात उभा राहतो.

डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी असतो हे १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे दाखवणारे रोनाल्ड रॉस यांनी पुढे त्या रोगाचे गणित मांडले. डास समूळ नष्ट करण्याची गरज नाही. माणसांच्या तुलनेत त्यांची संख्या एका मर्यादेखाली आणली, तरी हिवताप टिकत नाही, हे त्यांनी दाखवले. रॉस यांचे सहकारी अँडरसन मॅकेंड्रिक हे भारतीय वैद्यकीय सेवेत होते आणि कसौलीच्या पाश्चर संस्थेचे संचालक होते. एडिंबरोला परतल्यावर त्यांनी रसायनशास्त्रज्ञ विल्यम कर्मॅक यांच्यासह १९२७ मध्ये जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यावर आजची बहुतेक प्रारूपे उभी आहेत.

मुंबईतील प्लेगची आकडेवारी : आपला सिद्धांत पडताळण्यासाठी कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी मुंबईतील प्लेगमृत्यूंचे आकडे निवडले. मुंबईत १८९६ पासून प्लेगच्या साथी येत होत्या आणि जीवाणुशास्त्रज्ञ हाफकीन यांनी प्लेगवरील लसही याच शहरात तयार केली होती. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातील आठवडावार मृत्यूंचा आलेख आणि सूत्रावरून काढलेली वक्ररेषा एकमेकांशी चांगले जुळले. हा आलेख या शाखेतील सर्वाधिक छापल्या गेलेल्या आलेखांपैकी एक आहे. मात्र गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो आणि मुंबईतील त्याचे चढउतार ऋतूंशी बांधलेले होते. सूत्रात मात्र संसर्गाचा वेग वर्षभर एकसारखा धरलेला होता. ही ढोबळ मांडणी आहे, हे लेखकांनीही मान्य केले होते. वक्ररेषा जुळली म्हणजे कारणमीमांसा बरोबर ठरली असे होत नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. उपाय ठरवताना हा फरक निर्णायक ठरतो, कारण उंदीर आणि पिसवा यांचा समावेश नसलेल्या प्रारूपावरून त्यांच्या नियंत्रणाचा लाभ मोजता येत नाही.

मूळ रचना : साध्या प्रारूपात लोकसंख्येचे तीन गट करतात : संसर्ग होऊ शकेल असे, संसर्ग झालेले व तो पसरवू शकणारे, आणि बरे होऊन प्रतिकारक्षम झालेले अथवा मृत. एका गटातून दुसऱ्या गटात लोक किती वेगाने जातात हे अवकल समीकरणांनी मांडतात. रोगाचा अधिशयन काळ (संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ), वय, वस्ती, प्रवास यांनुसार गट वाढवता येतात. काही प्रारूपांत प्रत्येक व्यक्ती, तिचे घर, शाळा व कामाचे ठिकाण स्वतंत्रपणे धरून संगणकावर साथ चालवून पाहतात.

सर्व लोक संसर्गप्रवण असताना एक रोगी सरासरी जितक्या जणांना संसर्ग देतो, त्या संख्येला मूळ पुनरुत्पादन संख्या म्हणतात. व्यवहारात तिला ‘आर नॉट’ असेही म्हणतात. ती एकापेक्षा कमी असेल तर साथ पेट घेत नाही. या संख्येने एकाला भागून येणारा भागाकार एकातून वजा केला, की साथ रोखण्यासाठी लोकसंख्येचा किती भाग प्रतिकारक्षम असावा लागतो ते कळते. यालाच सामूहिक प्रतिकारशक्तीची मर्यादा म्हणतात. गोवरासाठी ही संख्या सामान्यतः १२ ते १८ मानतात. ती १५ धरली तर मर्यादा सुमारे ९३ टक्के येते. लस ९५ टक्के परिणामकारक असेल तर सुमारे ९८ टक्के मुलांना ती द्यावी लागते. गोवराच्या लसीकरणात थोडीशी ढिलाई झाली तरी उद्रेक का होतात, याचे उत्तर या हिशेबात आहे.

लसीकरणाचे नियोजन : लस थोडी असताना ती सर्वांत अधिक धोका असलेल्यांना द्यावी की सर्वांत अधिक संसर्ग पसरवणाऱ्यांना, हा मुख्य प्रश्न असतो. इन्फ्लुएंझाचा प्रसार शाळकरी मुलांमार्फत मोठ्या प्रमाणावर होतो, मृत्यू मात्र वृद्धांचे अधिक होतात. जपानमध्ये १९६२ पासून अनेक वर्षे शाळकरी मुलांना ही लस दिली जात होती. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार त्या काळात वृद्धांचे मृत्यू घटले आणि मुलांचे लसीकरण थांबल्यावर पुन्हा वाढले. कोविड-१९ बाबत हिशेब वेगळा निघाला. वयानुसार मृत्यूचा धोका इतक्या झपाट्याने वाढत होता, की मृत्यू कमी करणे हे उद्दिष्ट धरल्यास बहुतेक परिस्थितींत ६० वर्षांवरील व्यक्तींना प्राधान्य देणे योग्य ठरत होते. संसर्ग कमी करणे हे उद्दिष्ट धरल्यास २० ते ४९ वयोगट पुढे येत होता. उद्दिष्ट बदलले की उत्तर बदलते. ते ठरवण्याचे काम समाजाचे आणि शासनाचे असते. भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी आरोग्यकर्मचाऱ्यांपासून सुरुवात झाली आणि १ मार्चपासून ६० वर्षांवरील नागरिकांची, तसेच सहव्याधी असलेल्या ४५ वर्षांवरील व्यक्तींची पाळी आली.

दोन मात्रांमधील अंतर हाही असाच प्रश्न आहे. पहिल्या मात्रेने पुरेसे संरक्षण मिळत असेल आणि ते टिकत असेल, तर दुसरी लांबवून अधिक लोकांना पहिली देणे फायद्याचे असते. संरक्षण लवकर ओसरत असेल तर हा लाभ उलटतो. मे २०२१ मध्ये भारतात कोविशील्ड या कोविड लसीच्या मात्रांतील अंतर १२ ते १६ आठवडे करण्यात आले.

रोग मंदगतीने पसरत असेल आणि रोगी ओळखता येत असतील, तर रोग्याभोवतीच्या संपर्कातील लोकांना लस देण्याची वर्तुळाकार पद्धत परवडते. १९६६ च्या अखेरीस नायजेरियात लस अपुरी असताना विल्यम फेगी यांनी देवीविरुद्ध ही पद्धत वापरली, आणि भारतात १९७५ मध्ये देवीचा अंत होण्यातही तिचा मोठा वाटा होता. येथे प्रत्यक्ष अनुभव आधी आला. ही पद्धत कोणत्या परिस्थितीत यशस्वी होते हे गणिताने नंतर स्पष्ट केले. २०१५ मध्ये गिनी देशात इबोलाच्या लसीची चाचणी याच तत्त्वावर झाली.

अर्धवट लसीकरण कधीकधी अपायकारक ठरते, हेही प्रारूपांनी दाखवले आहे. रुबेला मुलांमध्ये सौम्य असतो. गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत झाल्यास मात्र अर्भकात गंभीर व्यंगे येतात. थोड्याच मुलांना लस दिली तर विषाणूचा प्रसार मंदावतो, पण थांबत नाही; बालपणी संसर्गातून सुटलेल्या मुली मोठेपणी त्याला बळी पडतात. ग्रीसमध्ये कमी प्रमाणातील लसीकरण वर्षानुवर्षे चालू राहिल्यानंतर १९९३ मध्ये जन्मजात रुबेलाचा असा उद्रेक झाला. म्हणून ही लस सुरू करताना व्याप्ती सुमारे ८० टक्के राखता येईल याची खात्री असावी, असा संकेत आहे. भारतात २०१७ मध्ये गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली तेव्हा नऊ महिन्यांपासून १५ वर्षांखालील सर्व मुलांना सामावून घेण्यात आले.

उपचारांचे नियोजन : औषधाने रोगी बरा होतो आणि त्याच्यापासून होणारा संसर्गही घटतो. २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मधील एका प्रारूपाने असे सुचवले, की सर्व प्रौढांची दरवर्षी एचआयव्ही तपासणी करून बाधितांवर तातडीने उपचार केले तर दक्षिण आफ्रिकेसारख्या देशातही साथ ओसरू शकेल. २०११ मध्ये एका आंतरराष्ट्रीय चाचणीत लवकर उपचार घेणाऱ्यांकडून जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. पुणे हे या चाचणीचे एक केंद्र होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये आणि भारताने २०१७ मध्ये सर्व बाधितांना तातडीने उपचार देण्याचे धोरण स्वीकारले. मात्र पुढे संपूर्ण वस्त्यांवर झालेल्या चाचण्यांत नव्या संसर्गांमधील घट अपेक्षेहून बरीच कमी आली, कारण तपासणीतून सुटणारे, उपचार सोडणारे आणि वस्तीबाहेरून येणारे लोक असतातच.

इन्फ्लुएंझाविषयी २००५ मध्ये थायलंडची लोकसंख्या धरून केलेल्या प्रारूपांनी दाखवले, की विषाणूचा प्रसार मर्यादित वेगाचा असेल आणि उद्रेक अगदी लवकर कळला, तर सुमारे ३० लाख जणांना पुरेल इतक्या औषधाने साथ उगमापाशी रोखता येईल. २००९ मध्ये नवा विषाणू ओळखला जाईपर्यंत तो पसरलेला होता; प्रारूपाची पूर्वअटच पूर्ण झाली नाही. औषधांचा सरसकट वापर केल्यास प्रतिरोधी जिवाणू-विषाणूंना वाव मिळतो, हा तोटाही अशा हिशेबात धरावा लागतो.

मर्यादा : भाकीत आणि सशर्त अंदाज यांत फरक करणे आवश्यक असते. सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने असे सांगितले, की अधिक उपाय न केल्यास लायबेरिया व सिएरा लिओन येथे जानेवारी २०१५ पर्यंत इबोलाचे १४ लाख रुग्ण होऊ शकतील. पश्चिम आफ्रिकेतील त्या साथीत प्रत्यक्षात सुमारे २८,६०० रुग्ण नोंदले गेले. आकडा फसला असे वरवर दिसते. पण सुमारे ७० टक्के रुग्णांचे विलगीकरण झाल्यास साथ संपेल, हेही त्याच प्रारूपाने सांगितले होते आणि उपाय त्या दिशेने वाढवण्यात आले. याउलट, भारतात शासनाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने ऑक्टोबर २०२० मध्ये वर्तवलेला, फेब्रुवारी २०२१ पर्यंत कोविड जवळपास आटोक्यात येण्याचा अंदाज खरोखर चुकला. अधिक वेगाने पसरणारा नवा विषाणुप्रकार त्यात धरलेला नव्हता. त्याच फेब्रुवारीत विदर्भात रुग्णसंख्या वाढू लागली आणि देशभर दुसरी लाट आली.

नोंद न झालेले रुग्ण, एकाच व्यक्तीकडून अनेकांना होणारा संसर्ग आणि भीतीमुळे बदलणारे लोकांचे वर्तन यांमुळे सरासरीवर आधारलेली गणिते ढळतात. म्हणून एका आकड्याऐवजी शक्यतेचा पल्ला देणे, गृहीतके उघड करणे, अनेक स्वतंत्र प्रारूपांची तुलना करणे आणि नवी आकडेवारी येताच गणित पुन्हा मांडणे ही आता रूढ पद्धत आहे.