केंद्र: ग्रीक टोकापासून खो-खोच्या मैदानापर्यंत

बारामती-इंदापुरातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत स्पर्धेच्या दिवसांत विचारा, "पोरं कुठं गेली?" उत्तर मिळतं, "केंद्राला." म्हणजे केंद्रस्तरीय क्रीडास्पर्धेला.

हा शब्द मूळचा ग्रीक. 'केन्ट्रॉन' म्हणजे अणकुचीदार टोक; कंपासचं कागदात रोवलेलं टोक, म्हणून वर्तुळाचा मध्य. ज्योतिषगणिताबरोबर तो संस्कृतात आला आणि मराठीत रुळला.

शाळांशी त्याचं नातं अलीकडचं. 1964-66 च्या कोठारी शिक्षण आयोगाने माध्यमिक शाळेभोवती परिसरातल्या प्राथमिक शाळा जोडण्याची शिफारस केली. आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. महाराष्ट्रात 1994 साली सरासरी 10 प्राथमिक शाळांमागे एक केंद्र आणि एक केंद्रप्रमुख, अशी रचना ठरली. हेतू शिक्षकांना मार्गदर्शन हा. मुलांनी मात्र केंद्र ओळखलं ते मैदानावरून. केंद्रात जिंकलं की बीट, म्हणजे काही केंद्रांचा गट, मग तालुका, मग पुणे जिल्हा परिषदेचा यशवंतराव चव्हाण कला-क्रीडा महोत्सव.

मैदानावर जमणाऱ्या शाळा मात्र कायम त्याच राहत नाहीत. नीरा डाव्या कालव्यामागून ऊस आला, कारखाने आले, वालचंदनगर-भवानीनगरला वस्ती वाढली, तिथं शाळा भरल्या. उजनी धरणाच्या पाण्यानं जुनं पळसदेव बुडालं आणि गाव नव्या जागी वसलं. आता शाळा हलते ती पटामुळे, म्हणजे विद्यार्थीसंख्येमुळे.

खो-खोचं गणित पाहा. पाटीवर 8 जणी बसतात, नववी धावते. समजा, एखाद्या वस्तीशाळेत पहिली ते चौथीचा पट 18, त्यात मुली निम्म्या. म्हणजे पहिलीतल्या चिमुरडीलाही पाटीवर बसवावं लागतं. एक आजारी पडली की संघच उरत नाही. शाळा धावणं आणि लांब उडीपुरती राहते. अशा 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार राज्यानं 2023 मध्ये पुढे आणला. तसं झालं तर मैदानावरून वस्तीचं नावच जाईल.

कंपासचं रोवलेलं टोक हलवायचं नसतं, वर्तुळ मोठं करता येतं. शेजारच्या दोन वस्तीशाळांचा एक संघ, दोन्ही शाळांच्या नावानं, प्रत्येक केंद्रानं मैदानात उतरू द्यावा. त्या नऊ मुलींना खो मिळालाच पाहिजे.